दोन पेन्सिल सेलवरची ऑपरेटिंग सिस्टीम

स्मार्टफोनचा इतिहास सांगायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स स्टेजवर आला, त्याने आयफोन दाखवला, आणि त्याच्या आधीचं सगळं म्हणजे बटणांचं अश्मयुग. नोकिया झोपा काढत होती, ऍपलने बाजार मारला. विषय संपला! ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाबरोबर ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की आता समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करतो.

मला ही कथा पटत नाही. काही वर्षं मी सिम्बियनवर सी++ मध्ये कोड लिहून पोट भरलंय, त्यामुळे त्या सिस्टीमबद्दल माझ्या मनात प्रेमापेक्षा वैताग जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण झोपलेली माणसं मार्च २००७ मध्ये एन ९५ सारखा फोन बाजारात आणत नाहीत. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस, वायफाय, थ्रीजी, आणि हवं ते सॉफ्टवेअर बाहेरून आणून टाकायची सोय. त्याच वर्षी जूनच्या शेवटी आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये कॅमेरा २ मेगापिक्सेलचा होता. जीपीएस नाही, थ्रीजी नाही, एमएमएस नाही, कॉपी-पेस्टसुद्धा नाही. आणि दुसऱ्या कोणाचं ऍप तर नाहीच नाही. त्या वर्षी जगात विकल्या गेलेल्या दर दहा स्मार्टफोनपैकी सहापेक्षा जास्त फोन सिम्बियनवर चालत होते. आणि तरीही अवघ्या चार वर्षांत, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाने स्वतःच सिम्बियनच्या नावाने आंघोळ केली.

मग झालं काय? माझं मत असं की सिम्बियन फीचर्समध्ये हरली नाही. ती कमालीची काटकसरी होती, आणि त्या काटकसरीचं ओझं तिने मशीनवर न टाकता कोड लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं. ते ओझं वाहायला माणसं तयार होती तोवर सगळं ठीक होतं. हे नीट कळायला मात्र थोडं मागे, लंडनला जावं लागेल.

इंपिरियल कॉलेजात शिकवणाऱ्या डेव्हिड पॉटर नावाच्या माणसाने १९८० साली तिथे सायऑन नावाची कंपनी काढली. (आपल्या सायन स्टेशनशी काही संबंध नाही.) सुरुवातीला त्यांनी सिंक्लेअरच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी गेम लिहिले, ज्यात विमान उडवायचा एक गेम फार गाजला. मग १९८४ साली ऑर्गनायझर नावाचं हातात मावणारं यंत्र काढलं. १९९१ मध्ये सिरीज ३ आली आणि १९९७ मध्ये सिरीज ५. ही सिरीज ५ आपल्या गोष्टीची खरी नायिका. शिंपल्यासारखी उघडायची, आत चक्क टाईप करता येईल असा कीबोर्ड, स्पर्शाने चालणारा पडदा, १८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि ४ किंवा ८ एमबी मेमरी. आज आपण फोनवर काढलेला एक फोटो तेवढी जागा सहज खातो. आणि हे सगळं चालायचं दोन पेन्सिल सेलवर! वाण्याकडे मिळतात तेच सेल, घड्याळात घालतो ते.

या यंत्रासाठी सायऑनने इपॉक ३२ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम सी++ मध्ये लिहिली होती. ती लिहिणाऱ्यांपुढची अडचण जरा समजून घ्या. त्या काळी पीसी रोज संध्याकाळी बंद व्हायचा. प्रोग्रॅमने थोडी मेमरी सांडली तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. खिशातलं यंत्र मात्र कोणी बंद करत नाही. ते महिनोनमहिने चालूच असतं, आणि त्यातच तुमच्या अपॉइंटमेंट्स आणि पत्ते असतात. इथे एखाद्या प्रोग्रॅमने दिवसाला चिमूटभर मेमरी परत करायची राहिली, तर दोन महिन्यांनी यंत्र गुदमरणार. म्हणजे गळती अजिबात चालणार नाही. आणि मेमरी मुळातच कमी, त्यामुळे ‘मेमरी संपली’ हा रोजचा प्रसंग धरूनच चालायचं.

त्यावर त्यांनी जे उपाय काढले ते खरोखर हुशारीचे होते. सी++ मध्ये चुका हाताळायची सोय कागदावर होती, पण त्या वेळच्या कंपायलरमध्ये ती कच्ची होती आणि तिच्यामुळे कोड फुगायचा. म्हणून त्यांनी स्वतःची ‘लीव्ह’ नावाची पद्धत काढली आणि तिच्या जोडीला ‘क्लीनअप स्टॅक’. हा क्लीनअप स्टॅक म्हणजे वाण्याची उधारीची वही समजा. सिस्टीमकडून मेमरी घेतली की वहीत नोंद करायची, परत केली की खोडायची. मध्येच काही बिनसलं तर सिस्टीम वही उघडते आणि नोंद असलेली सगळी उधारी वसूल करते. सुंदर! फक्त वहीत नोंद करायचं काम तुमचं. विसरलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

पुढचा प्रश्न. एखादं ऑब्जेक्ट जन्माला येता येताच मेमरी संपली तर? अर्धवट जन्मलेल्या जीवाची नोंद कोणाच्याच वहीत नसते. म्हणून नियम असा की जन्म दोन टप्प्यांत द्यायचा. आधी नुसता जन्म, मग वहीत नोंद, आणि त्यानंतर बारसं. ज्या फंक्शनमध्ये काही बिनसू शकतं त्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘एल’ लावायचा, म्हणजे वाचणाऱ्याला इशारा. क्लासच्या नावाचं पहिलं अक्षर सी, टी, आर की एम, यावरून तो कुठे राहतो आणि त्याला साफ कोणी करायचं हे ठरायचं. यातलं काहीच कंपायलर तपासत नसे. सगळं शिस्तीवर.

आणि मग डिस्क्रिप्टर! मंडळी, ज्यांनी सिम्बियनवर काम केलंय त्यांना हा शब्द ऐकूनच ठसका लागेल. साधी अक्षरांची ओळ, म्हणजे इतर भाषांत जिला स्ट्रिंग म्हणतात, ती ठेवायला सिम्बियनमध्ये टीबफ, एचबफसी, टीपीटीआर, टीपीटीआरसी, टीडेस, टीडेससी असा सगळा गोतावळा होता. तहान लागली म्हणून पाणी मागावं, तर समोर तांब्या, लोटा, गडू, फुलपात्र मांडून ठेवलेलं, आणि कशातून कशात ओतायचं याचे नियम वेगळे. पण यामागेही कारण होतं. प्रत्येक डिस्क्रिप्टर स्वतःची लांबी बरोबर बाळगायचा, त्यामुळे भांड्याबाहेर सांडलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबायचा. बाकीच्या जगात बफर ओव्हरफ्लोमुळे हाहाकार चालू होता तेव्हा सिम्बियनने तो प्रश्न बराचसा सोडवून ठेवला होता. एकेक बाईट वाचायचा तो वेगळाच.

तिसरी गोष्ट ‘ऍक्टिव्ह ऑब्जेक्ट’. प्रोग्रॅमने उगाच जागं राहून ‘काही आलं का, काही आलं का’ विचारत बसायचं नाही. झोपून जायचं. पोस्टमनने कडी वाजवली की उठायचं, टपाल घ्यायचं, परत झोपायचं. प्रोसेसर जास्तीत जास्त वेळ झोपलेला, म्हणून सेल टिकतात. त्या काळातले नोकियाचे फोन बॅटरीला इतके चिवट का वाटायचे, याच्या अनेक कारणांपैकी एक हे.

जून १९९८ मध्ये सायऑन, एरिक्सन, मोटोरोला आणि नोकिया यांनी मिळून सिम्बियन नावाची कंपनी काढली आणि इपॉक तिच्या ओटीत घातली. या प्रेमामागे भीती होती, मायक्रोसॉफ्टची. पीसी बनवणाऱ्या कंपन्यांचं काय झालं ते फोनवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डबा कोणाचाही असो, मलई रेडमंडला. आपल्या धंद्यात तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या एका टेबलावर बसल्या.

पण भीतीने एकत्र आलेल्या माणसांचं जे होतं तेच इथे झालं. आतलं इंजिन सगळ्यांचं एक, पण दर्शनी भाग ज्याचा त्याचा. नोकियाची एस ६०, शिवाय कम्युनिकेटरसाठी सिरीज ८०, वर सिरीज ९०. सोनी एरिक्सन आणि मोटोरोलाकडे यूआयक्यू. जपानात डोकोमोच्या फोनांसाठी आणखी तिसरंच. एका ठिकाणी लिहिलेलं ऍप दुसरीकडे चालत नसे. ‘सिम्बियनवर बाजाराचा साठ टक्के हिस्सा’ हे वाक्य भाषणात छान वाटायचं. कोड लिहिणाऱ्यासाठी ते तीन-चार वेगवेगळे बाजार होते. (स्पर्शाचा पडदा आयफोनमुळे आला असं म्हणणाऱ्यांसाठी: यूआयक्यूवरचा सोनी एरिक्सनचा पी ८०० हा २००२ चा फोन आहे.)

२००२ मध्येच नोकियाचा ७६५० आला. एस ६० चा पहिला फोन, सरकवून उघडायचा, मागे कॅमेरा. पुढच्या वर्षी ६६००, तो साबणाच्या वडीसारखा गोलमटोल. तो आपल्याकडे किती खपला हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. ब्लूटूथ नावाचं प्रकरण आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्याच फोनने शिकवलं. कॉलेजच्या कट्ट्यावर गाणी, थीम आणि गेम याच्या फोनमधून त्याच्या फोनमध्ये जायचे, आणि ज्याला मित्र नाहीत त्याच्यासाठी मोबाईलची दुकानं होतीच. थोडे पैसे टाका, मेमरी कार्ड भरून घ्या. हे सगळं बेकायदा होतं, पण फोन म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्यात आपण आपल्याला हवं ते घालू शकतो, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडलं ते असं.

मग जून २००४ मध्ये काबीर आला. नाही, संत नव्हे :) मोबाईलमध्ये पसरणारा पहिला वर्म. ब्लूटूथवरून एक फाईल यायची, फोन विचारायचा घेऊ का, मग विचारायचा बसवू का, आणि लोक सगळ्याला हो म्हणायचे! त्याने विशेष नुकसान केलं नाही, बॅटरी तेवढी खाल्ली. पण २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला, म्हणजे नोकियाच्या अंगणातच, जागतिक मैदानी स्पर्धांच्या गर्दीत त्याची साथ पसरली. मोबाईल कंपन्यांचं धाबं दणाणलं.

यावर सिम्बियनने जो उपाय केला तिथे माझ्या मते खरा घात झाला. आवृत्ती ९ मध्ये ‘प्लॅटफॉर्म सिक्युरिटी’ आली. तांत्रिकदृष्ट्या चोख काम. प्रत्येक ऍपला काय काय करायची परवानगी आहे याची यादी, आणि त्या यादीवर सही-शिक्का. आज तुमचा फोन ‘या ऍपला कॅमेरा वापरू देऊ का’ म्हणून विचारतो, त्या कल्पनेचं हे पूर्वजच म्हणा. पण याच आवृत्तीत जुने सगळे प्रोग्रॅम निकामी झाले. नव्या फोनवर जुनं ऍप चालेना, सगळं नव्याने बांधा. आणि बांधून झालं की ‘सिम्बियन साईन्ड’च्या दारात उभे राहा. त्यासाठी दरवर्षी पैसे भरून व्हेरिसाईनकडून ओळखपत्र घ्यायचं, मग ऍप तपासणीला पाठवायचं, त्याचे पैसे वेगळे. हे ओळखपत्र कंपन्यांसाठी होतं, घरी बसून रात्री कोड लिहिणाऱ्या एकट्यादुकट्याचा विचार त्यात नव्हता. स्वतःच्या फोनवर चाचणी करायची तर आयएमईआय नंबर देऊन त्या एका फोनपुरतं प्रमाणपत्र मागायचं. फोनमधल्या काही गोष्टींना हात लावायचा तर फोन बनवणाऱ्या कंपनीची खास परवानगी.

वापरणाऱ्यांना याचा अर्थ एवढाच कळला की ऍप बसवायला गेलं की ‘प्रमाणपत्राची मुदत संपली आहे’ असा संदेश येतो. त्यावर आपल्या लोकांनी शोधलेला उपाय इतिहासात नोंदवायला हवा: फोनची तारीख वर्षभर मागे न्यायची, ऍप बसवायचं, तारीख पुन्हा पुढे आणायची. सुरक्षेसाठी उभारलेल्या अख्ख्या डोलाऱ्याची ही गत. पुढे हौशी लोकांनी फोनच फोडून तपासणी बंद करायचे मार्ग काढले आणि ते मार्ग व्हायरसपेक्षा वेगाने पसरले.

आता कोणी म्हणेल, ऍपलनेही दार बांधलंच की. बांधलं, आणि सिम्बियनपेक्षा कडक. पण १० जुलै २००८ ला ऍपलने जे दार उघडलं त्याच्या आत दुकान होतं. वर्षाला ९९ डॉलर भरा, कोड लिहा, विक्रीतले सत्तर टक्के तुमचे, आणि गिऱ्हाईक आपण होऊन आत येणार. पहिल्या दिवशी तिथे सुमारे ५०० ऍप्स होती. सिम्बियनच्या दारावर रखवालदार होता, शिक्का होता, पावती पुस्तक होतं, आणि दाराच्या पलीकडे मोकळं मैदान. सही झालेलं ऍप विकायचं कुठे ते ज्याचं त्याने बघावं. नोकियाचं ओव्ही स्टोअर उघडलं मे २००९ मध्ये. तोपर्यंत रात्री जागून कोड लिहिणारी पोरं गाव सोडून गेली होती.

रोजचं काम कसं चालायचं तेही सांगतो. ऍप आधी विंडोजवरच्या इम्युलेटरमध्ये चालवायचं. तो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पण इम्युलेटरमधला कोड इंटेलच्या प्रोसेसरसाठी वेगळा बांधलेला, त्यामुळे तिथे चाललं म्हणजे फोनवर चालेलच असं नाही. फोनवर ऍप मरायचं तेव्हा ते का मेलं हे फोन सांगायचा नाही. त्यासाठी एका ठरावीक फोल्डरमध्ये ‘एररडी’ नावाची रिकामी फाईल ठेवायची, मग पडद्यावर मृत्यूचं कारण उमटायचं: केर्न-एक्झेक ३. म्हणजे मेमरीत भलत्या जागी हात घातलात. कुठे, ते शोधा. नोकियाच्या कार्बाईड या साधनाच्या फुकट आवृत्तीत फोनवर डिबगिंगची सोय नव्हती, ती पैसेवाल्या आवृत्तीत. सिम्बियनचा जाणकार म्हणून मान मिळवायला एक-दोन वर्षं जायची. बंगळुरात सिम्बियनचं स्वतःचं केंद्र होतं, आणि तिथून ते काम शिकून निघालेल्या माणसाला बाजारात भाव होता. तो भाव ज्ञान अवघड होतं म्हणूनच होता, हेही खरं.

ओझं कोणी वाहायचं, हा प्रश्न त्या काळात एका छोट्या सॉफ्टवेअरने फार सुंदर सोडवला होता आणि त्याचा मराठी वाचणाऱ्यांशी थेट संबंध आहे. ऑपेरा मिनी. २००६ च्या सुरुवातीला ते जगभर खुलं झालं. बहुतेक फोनांवर तेव्हा देवनागरीचे फॉन्टच नसायचे. मराठी पान उघडलं की चौकोनांची रांगोळी. ऑपेरा मिनीत मात्र पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं लिहून एक सेटिंग चालू केलं की ऑपेराचा सर्व्हर आपल्या वतीने मराठी अक्षरं जोडून, त्यांची चित्रं करून फोनला पाठवायचा. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या मराठी वर्तमानपत्र वाचायची सोय आपल्याला अशी झाली. फोनला काही करावं लागलं नाही आणि वेबसाईट लिहिणाऱ्यालाही नाही. मधल्या कोणीतरी ओझं उचललं.

आयफोन आणि अँड्रॉईडने हेच केलं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. मेमरी त्यांच्याकडेही पोत्याने नव्हती. पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी, एन ९५ मध्ये ६४. पण ऍपलने बाहेरच्या ऍप्सना मागे चालूच दिलं नाही, २०१० पर्यंत. अँड्रॉईडने सांगितलं, तुम्ही काहीही चालवा, पण मेमरी कमी पडली की मी न विचारता तुमचं ऍप मारीन, तेव्हा आवरून ठेवा. म्हणजे गळकं ऍप लिहिणारा आळशी माणूसही खपून जातो, कारण सिस्टीम त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही. सिम्बियनमध्ये पहिल्या दिवसापासून खरं मल्टिटास्किंग होतं. सगळी ऍप्स एकाच वेळी जिवंत, कोणी कोणाला मारत नाही, आणि म्हणून प्रत्येकाने सज्जनासारखं वागायचं. घरमालक सभ्य, नियमावली दोनशे पानांची.

२४ जून २००८ ला नोकियाने जाहीर केलं की आम्ही उरलेल्या भागीदारांचा हिस्सा २६ कोटी ४० लाख युरोला विकत घेतोय आणि सिम्बियन सगळ्यांना खुली करतोय. त्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी ऍपचं दुकान उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉईड फोन विक्रीला आला आणि नोकियाने एस ६० चा स्पर्शाचा फोन, ५८०० एक्सप्रेसम्युझिक, जाहीर केला. हा फोन ज्यांनी वापरला त्यांना आठवत असेल, काही ठिकाणी एकदा टिचकी मारून भागायचं, काही ठिकाणी दोनदा मारावी लागायची. लोक वैतागायचे. कारण गमतीदार आहे. एस ६० चा सगळा कोड बटणांसाठी लिहिलेला. बटणांच्या फोनमध्ये आधी यादीतल्या ओळीवर जायचं, ती उजळायची, मग मधलं बटण दाबायचं. स्पर्श आला तेव्हा पहिली टिचकी म्हणजे ‘ओळीवर जा’ आणि दुसरी म्हणजे ‘बटण दाब’. जुनी ऍप्स मोडू नयेत म्हणून ही तडजोड. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांची ऍप्स मोडून शिव्या खाल्लेल्या कंपनीने या वेळी ती जपायला जाऊन शिव्या खाल्ल्या.

आणि २००९ चा एन ९७. ३२ जीबी साठवण, सरकता कीबोर्ड, सगळा थाट. पण मेमरी १२८ एमबी, त्यातली निम्म्याहून जास्त सुरू होतानाच खलास. आणि सिस्टीमच्या सी ड्राईव्हवर जागा इतकी थोडी की ३२ जीबी रिकामी पडलेली असताना फोन ‘मेमरी भरली’ म्हणून रडायचा. मोठा वाडा आणि चावी फक्त माजघराची! नोकियातले वरिष्ठ अधिकारी अन्सी वान्योकी यांनी पुढे उघडपणे कबूल केलं की या फोनने लोकांची निराशा केली. डिमांड पेजिंगसारखी गोष्ट सिम्बियनने तोवर केली होती, २००७ च्या शेवटी एन ९५ ला एका अपडेटमधून तिचा फायदाही मिळाला होता. म्हणजे ज्ञान होतं. पण मेमरीच्या एका चिपमागे चार पैसे वाचवायची सवय हाडात मुरली होती.

कोड लिहिणाऱ्याचं ओझं हलकं करायचा प्रयत्नही झाला. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक ही नॉर्वेची कंपनी घेतली, ती क्यूट या अतिशय सुरेख साधनासाठी. क्यूटमध्ये डिस्क्रिप्टर नाहीत, उधारीची वही नाही, लिहायला मजा यायची. पण ते फोनवर नीट पोचेपर्यंत २०१० उजाडलं. त्या फेब्रुवारीत सिम्बियनचा सगळा सोर्स कोड खुला झाला, तेव्हा तो उघडून बघायला फारसं कोणी आलं नाही. नोव्हेंबरमध्ये फाउंडेशनने गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं.

सप्टेंबर २०१० मध्ये स्टीफन इलॉप नोकियाचे प्रमुख झाले. त्यांचं ते जळत्या तेलविहिरीच्या फलाटावरच्या माणसाचं पत्र फेब्रुवारी २०११ मध्ये फुटलं, आणि ११ तारखेला नोकिया विंडोज फोनकडे जात असल्याची घोषणा झाली. ज्या मायक्रोसॉफ्टच्या भीतीने सिम्बियन जन्माला आली, तिच्याच मांडीवर! आता एक आकडा बघा. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाने २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते, जवळजवळ सगळे सिम्बियनचे. त्याच तिमाहीत ऍपलने १ कोटी ६२ लाख आयफोन विकले. पेशंट आजारी होता हे मान्य, पण चालत होता, जेवत होता. आम्ही आणखी १५ कोटी सिम्बियन फोन विकू असंही त्याच घोषणेत सांगितलं होतं. मेलेल्या सिस्टीमचा फोन कोण घेणार? आणि तिच्यावर नवं ऍप कोण लिहिणार? सिम्बियन कधी ना कधी जाणार होती याबद्दल माझं दुमत नाही. तिला त्या दिवशी, त्या तऱ्हेने सोडणं मात्र मला आजही अनाकलनीय वाटतं.

त्या वर्षी सुमारे २,८०० माणसं नोकियाच्या पगारपत्रकावरून ऍक्सेंचरच्या पगारपत्रकावर गेली. फिनलंड, ब्रिटन, चीन, अमेरिका आणि भारत. क्लीनअप स्टॅक तोंडपाठ असणारी, एक बाईट कुठे गेला ते वासावरून सांगणारी माणसं. त्यांनी जावा शिकला, कोणी आयओएस शिकले, कोणी मॅनेजर झाले. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तर रेझ्युमेमधून ‘सिम्बियन’ शब्दच काढला, कारण इंटरव्ह्यूत समोरचा पंचविशीतला मुलगा विचारायचा, हे काय असतं?

२०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यू आला, ४१ मेगापिक्सेलचा. कॅमेऱ्याच्या बाबतीत बाकीच्या जगाच्या कैक वर्षं पुढे. जानेवारी २०१३ मध्ये नोकियाने सांगितलं की हाच शेवटचा सिम्बियन फोन. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या दुकानात सिम्बियनची नवी ऍप्स घेणं बंद झालं. व्हॉट्सऍपने मात्र ३० जून २०१७ पर्यंत साथ दिली.

त्यानंतर हौशी लोकांनी ईकेए२एल१ नावाचा इम्युलेटर लिहिला. सिम्बियनच्या कर्नलवरूनच नाव. त्यात एन-गेजचे गेम आणि जुनी एस ६० ची ऍप्स अँड्रॉईड फोनवर चालतात, बरीचशी व्यवस्थित. ज्यांच्या ड्रॉवरमध्ये जुना ६६०० चार्जरविना पडून आहे त्यांनी एखाद्या रविवारी बसवून बघा. बटणं पडद्यावर उमटतात, पण अंगठ्याला त्यांच्या जागा अजून पाठ आहेत.